चार ऑपरेशनं झाली तरी पोट दुखतंच, मग पाचवं करायचं का?

ताईंचा प्रश्न लांबलचक होता, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. भाऊ, वय ४३, धायरीला राहतो, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. सहा वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला, ते पहिलं ऑपरेशन. वर्षभरात आतडं अडकलं म्हणून दुसरं, त्यात लहान आतड्याचा शेवटचा साधारण अडीच फुटांचा भाग काढला आणि आतड्याचं तोंड पोटावर काढून संडाससाठी पिशवी लावली. तिसरं ती पिशवी बंद करायचं. चौथं टाक्यांच्या जागी हर्निया झाला त्याला जाळी बसवायचं. आता रोज दुखतं, जेवल्यावर जास्त, दिवसाला पाच-सहा वेळा पातळ संडास, वजन ११ किलोनी उतरलंय, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिवसातून चार आणि वर जवळच्या डॉक्टरांकडून अधूनमधून दुखण्याचं इंजेक्शन. एक सर्जन म्हणतात आतडी चिकटलीत, परत उघडून सोडवू. दुसरे म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, सगळं मनाचं आहे. घरात दोन पार्ट्या पडल्यात.

मी भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याला नक्की काय झालंय हे इथून सांगणं बरोबर नाही. पण गेली वीसेक वर्षं पुण्यात पोटाची ऑपरेशनं करतोय आणि त्यातली बरीच आधी तीन-तीन चार-चार वेळा उघडलेल्या पोटांचीच, त्यामुळे अशी फाइल समोर आली की मी काय बघतो ते सांगू शकतो. सर्जनला विचारलं की तो ऑपरेशनच सांगणार असं लोक म्हणतात, तरी सांगतो, नुसतं दुखतंय म्हणून, आतडं अडकल्याचा पुरावा नसताना, पाचव्यांदा पोट उघडू नका. आणि 'मनाचं आहे' हेही तितकंच चूक. त्याला दुखतंय ते खरंच दुखतंय, फक्त ते एकच दुखणं नाहीये, माझ्या अंदाजाने निदान तीन-चार वेगवेगळी दुखणी एकत्र आहेत आणि सगळ्यांना 'चिकटलीत' हे एकच लेबल लागलंय.

आधी चिकटण्याबद्दल. पोट उघडलं की आतडी चिकटतातच, दहातल्या नऊ जणांत काही ना काही चिकटतं, आणि आधी पू झालेला असेल तर जास्तच. आतड्यावर एक पातळ चकचकीत अस्तर असतं, त्याला हात लागला, ते कोरडं पडलं, रक्त-पू लागला की भरून येताना ते शेजारच्या अस्तराला जोडलं जातं, आणि हे सगळं पहिल्या आठवडाभरातच सुरू होऊन जातं. यातल्या बहुतेकांना पुढे आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. म्हणजे आतडी चिकटलेली असणं आणि त्यामुळेच दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय चिकटलेलं सोडवायचं म्हणजे त्याच अस्तराला परत जखम करायची, ती भरताना परत चिकटणार, फक्त नव्या ठिकाणी.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. हॉलंडमध्ये जुनं पोटदुखणं आणि चिकटलेली आतडी असलेल्या १०० पेशंटची दुर्बीण केली, निम्म्यांची आतडी सोडवली, निम्म्यांची नुसती बघून बाहेर आले, आणि कोणाचं काय केलं ते पेशंटला सांगितलं नाही. २००३ मध्ये तो निकाल छापून आला, वर्षानंतर दोन्ही गटांत बऱ्याच जणांना बरं वाटत होतं आणि दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. बारा वर्षांनी परत त्याच लोकांकडे गेले तर ज्यांची सोडवली होती त्यांचीच अवस्था जास्त वाईट निघाली. आणि परत पोट उघडण्याची किंमत काय, तर हॉलंडमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात अशा परत केलेल्या ऑपरेशनमध्ये जवळजवळ पाचात एकाच्या आतड्याला सोडवताना चुकून भोक पडलं होतं, आणि आधीची ऑपरेशनं तीन किंवा जास्त असतील तर हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. असं भोक लक्षात आलं नाही तर पुढे लीक, फिश्चुला म्हणजे आतड्यातून बाहेर कायमची वाट पडणं, आयसीयू. म्हणून पाचवं ऑपरेशन 'करून तर बघू' या गटात बसत नाही.

मग करायचं कधी? आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडतोय असं दिसलं तर त्याच रात्री. वारंवार खरोखर अडकतंय आणि सीटीमध्ये दर वेळी एकाच जागी फुगलेलं आतडं संपून बारीक आतडं सुरू होताना दिसतंय, किंवा आतड्यात स्ट्रिक्चर म्हणजे कायम अरुंद झालेली जागा आहे, हर्नियात आतडं अडकतंय, फिश्चुला आहे, तर ठरवून. ठरवून करायचं असेल तर आधी वजन आणि प्रोटीन वर आणायचं आणि मागच्या ऑपरेशनला निदान तीन ते सहा महिने होऊ द्यायचे, कारण पहिल्या काही आठवड्यांत आत सगळं इतकं घट्ट आणि रक्ताळलेलं असतं की तिथे हात घालणं म्हणजे नवीन भोकांना आमंत्रण. भावाला ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, डॉक्टर, नक्की कुठे अडकतंय ते सीटीवर दाखवाल का? चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

आता दुखण्याकडे येऊ. भावाला एक वही करायला सांगा, दोन आठवडे पुरे. कधी दुखलं, कुठे, काय खाल्लं होतं, किती वेळ टिकलं, गॅस सरला का, संडास कशी झाली, कुठली गोळी घेतली आणि तिने किती फरक पडला. एवढ्यावरून माझं निम्मं काम होतं, सोनोग्राफीपेक्षा जास्त कळतं.

लाटेसारखी कळ येते, पोटात गुडगुडतं, फुगतं, जेवणानंतर अर्ध्या-एक तासात सुरू होतं आणि गॅस सरला किंवा संडास झाली की मोकळं वाटतं, हे आतड्यातलं दुखणं. कुठेतरी अरुंद झालंय आणि आतडं जोर लावतंय. याला गोळीपेक्षा जेवण सुधारून जास्त फरक पडतो. शेवग्याच्या शेंगा चावून गिळणं, मक्याचं कणीस, संत्र्याच्या फोडी सालासकट, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, फणस, सुकं अंजीर, कच्चा कोबी, सालासकट मटकीची उसळ, हे सगळं अरुंद जागी गोळा होऊन अडकतं. मऊ भात, मुगाची खिचडी, इडली, अंडं, मासे, दही, शिजवून घोटलेल्या भाज्या चालतात. ताटभर जेवण दोनदा नको, थोडं थोडं पाच-सहा वेळा, आणि चावून, नीट चावून, शिफ्टची बस गाठायची म्हणून दहा मिनिटांत डबा संपवणं बंद. इसबगोल सगळेच सुचवतात, पण आतडं अरुंद असेल आणि पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल आत बूच होऊन बसतं, तेव्हा मनाने नको. एरंडेल तर अजिबात नको. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घ्यायला कोणाकडे नेत असाल तर तेही बंद करा, जाळी बसवलेलं पोट आहे ते.

दुसरं दुखणं पोटाच्या भिंतीचं, आणि हे सर्रास निसटतं. टाक्यांच्या कडेला किंवा जिथे पिशवी होती तिथे एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, जळजळ, टोचल्यासारखं, खोकताना, कूस बदलताना, रिक्षा खड्ड्यात आदळली की जास्त, आणि जेवणाशी संडासशी काही संबंध नाही. घरी एक साधी टेस्ट करता येते. उताणं झोपायचं, दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवायचं आणि मग डोकं-खांदे उचलायचे. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं किंवा तेवढंच राहिलं तर ते बहुतेक भिंतीत आहे, कमी झालं तर आत आहे, कारण ताठ स्नायूंनी आतल्या अवयवांना झाकलं. कार्नेट नावाच्या सर्जननी १९२६ मध्ये हे सांगितलं, शंभर वर्षं होत आली तरी एवढी फुकटची टेस्ट करायला ओपीडीत कोणाला वेळ नसतो. भिंतीतल्या बारीक नसा टाक्यात, व्रणात किंवा जाळीच्या कडेला अडकतात, त्यांना तुमची कुठलीही अ‍ॅसिडिटीची किंवा मुरड्याची गोळी लागू पडणार नाही. त्या जागी भुलेचं छोटं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत दुखणं बऱ्यापैकी गेलं तर निदानही झालं आणि उपचारही सुरू झाला. काहींना दोन-तीनदा द्यावं लागतं. हे पेन क्लिनिकमध्ये होतं, ते बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ चालवतात. फक्त त्याआधी हर्निया परत आलेला नाही ना हे उभं राहून, खोकून तपासून घ्या, कारण हर्नियाही या टेस्टमध्ये दुखतो.

तिसरं, ज्याबद्दल घरच्यांना कोणी सांगितलेलं नसतं, ते गोळ्यांमुळे होणारं दुखणं. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं औषध आहे, २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, मेडिकलवाला चिठ्ठी मागतो तो उगाच नाही. अशी औषधं आतड्याची हालचाल मंद करतात, पोट फुगतं, कळा येतात, माणूस म्हणतो दुखणं वाढलं, डोस वाढतो, आतडं अजून मंद होतं. शिवाय रोज घेतल्यावर नसा उलट जास्त संवेदनशील होत जातात. डोस वाढतोय आणि दुखणंही वाढतंय, आता सगळं पोटच दुखतं, नेमकी जागा सांगता येत नाही, पुढची गोळी घ्यायची वेळ जवळ आली की अस्वस्थ वाटतं, असं वहीत दिसलं तर हे लक्षात घ्या. पण कृपा करून हे वाचून उद्यापासून गोळी एकदम बंद करू नका. एकदम बंद केली की घाम, बेचैनी, झोप उडणं, पोटात मुरडा आणि जुलाब, आणि घरचे म्हणतात बघा गोळी थांबवली तर केवढं वाढलं, तर ते आजाराचं वाढणं नसतं, शरीराला सवय लागलीय त्याचं असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर एक-दोन आठवड्यांनी साधारण दहा टक्के असं उतरवायचं, आणि उतरवण्याआधी दुसरं औषध बसवायचं. तो डिप्रेशनची कुठली गोळी घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ट्रॅमाडॉलबरोबर काहींचं जमत नाही, फिट येऊ शकते. पेंटाझोसिनचं इंजेक्शन अधूनमधून मिळत असेल तर ते तर पहिलं थांबवण्याबद्दल बोला, त्याची सवय फार वाईट लागते आणि दंड-मांड्या लाकडासारख्या कडक होतात.

दुसरं इंजेक्शन असतं ते बहुतेक डायक्लोफिनॅकचं. वारंवार जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी असलेल्या माणसाला ही जात किडनीला बाधते, आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर करते. इथे पुणेकर घरातला औषधांचा डबा उघडा. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे, मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड आहे, दोन्ही त्याच जातीची. सायक्लोपाममध्ये पॅरासिटामॉल आहे, म्हणजे सायक्लोपाम घेऊन वर क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉल डबल झालं. साधं पॅरासिटामॉल वेळच्या वेळी, दुखायची वाट न बघता घेतलं तर लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच काम करतं, पण त्याच्यासारख्या वजन उतरलेल्या माणसाने दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहावं आणि लिव्हर ठीक आहे ना बघून घ्यावं.

नसांच्या दुखण्याला अ‍ॅमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅम अशा छोट्या डोसात किंवा प्रेगाबालिन देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या पाकिटावर किंवा गूगलवर डिप्रेशन वाचून निम्मे पेशंट ती घेतच नाहीत, मला वेडा ठरवलं म्हणतात. या डोसात ती डिप्रेशनसाठी नसते, नसांचा आवाज कमी करायला असते, झोपही लागते, आणि जुलाब होणाऱ्या माणसाचं आतडं थोडं मंद करते तो त्याच्या बाबतीत फायदाच. फरक कळायला दोन-चार आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, त्यामुळे नाइट शिफ्टवाल्याने वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. आणि ट्रॅमाडॉल चालू असताना ही गोळी स्वतःच्या मनाने जोडायची नाही, मघाशी डिप्रेशनच्या गोळ्या आणि फिटबद्दल म्हटलं त्यात हीही येते.

आता त्या अडीच फुटांबद्दल, कारण प्रश्नात ते एका ओळीत उरकलंय पण माझ्या मते निम्मी गोष्ट तिथे आहे. लहान आतडं सरासरी वीस फुटांच्या आसपास असतं, त्यातले अडीच गेले तर काय एवढं, असं वाटतं. पण शेवटच्या भागाला बदली कामगार मिळत नाही, बी-१२ आणि पित्तक्षार, म्हणजे चरबी पचवणारे पित्तातले क्षार, शोषून घेणं हे काम तोच भाग करतो. साधारण ६० सेंटिमीटरच्या वर तो गेला की बी-१२ तोंडाने घेऊन भरवशाचं राहत नाही, इंजेक्शन लागतं आणि आयुष्यभर लागतं. शरीरात साठा असतो म्हणून कमतरता दोन-चार वर्षांनी दिसते, तोपर्यंत ऑपरेशन विसरलेलं असतं. पायाला मुंग्या, जीभ लाल, थकवा, चिडचिड, आणि नसा बी-१२ विना कमकुवत झाल्या की जळजळ-टोचणी अजून वाढते. त्याचं बी-१२ शेवटचं कधी तपासलं? सोबत व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम, फेरिटिन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन. पायात रात्री गोळे येत असतील तर मॅग्नेशियम आधी बघा, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही मॅग्नेशियम कमी करते.

पित्तक्षार नेहमी ९५ टक्के परत शोषले जातात. तो भाग नसला की ते मोठ्या आतड्यात जाऊन चरचरतात, पाणी सोडतात, पिवळसर पातळ संडास, घाई, मागे आग. भावाचे पाच-सहा जुलाब बहुतेक यातले. याला अँटिबायोटिक नाही लागत, कोलेस्टायरामिनची पावडर लागते, चांगला फरक पडतो, फक्त बाकीच्या गोळ्या तिच्या आधी एक तास किंवा नंतर चार तास घ्यायच्या नाहीतर ती त्यांनाही बांधून ठेवते. लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळीही चालते, जेवणाआधी अर्धा तास, पण ज्या दिवशी पोट फुगलंय आणि कळा येतायत त्या दिवशी बिलकुल नाही. फुगणं आणि घाण वासाचा गॅस जास्त असेल तर आतड्यात जंतू वाढलेत का हेही बघतात, त्याचा वेगळा कोर्स असतो.

हाच भाग गेल्यामुळे मुतखडा आणि पित्ताशयातले खडे दोन्ही वाढतात. चरबी नीट पचत नाही, ती कॅल्शियमला पकडून ठेवते, मग जेवणातलं, खडा बनवणारं ऑक्झॅलेट मोकळं सुटून मोठ्या आतड्यातून रक्तात आणि तिथून किडनीत. त्यामुळे कंबरेतून जांघेकडे येणारी कळ किंवा उजवीकडे बरगडीखाली जेवल्यावर येणारी कळ याला लगेच 'परत आतडी' म्हणू नका, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करा. पालक, बीट, शेंगदाणे, तीळ, कोरा चहा बेताने, आणि जेवणाबरोबर दही-दूध म्हणजे कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरेल. उपवासाची आपली सगळी पंगत शेंगदाण्यावर चालते, साबुदाणा खिचडी, आमटी, लाडू, तेव्हा भावाचे उपवास तुम्हीच बंद करा, देव रागावणार नाही याची हमी आईकडून घ्या.

पाणी. जुलाब जास्त म्हणून नुसतं साधं पाणी आणि चहा ढोसत राहिलं तर मीठ अजून वाहून जातं, विशेषतः ज्यांना अजून पिशवी आहे त्यांना, दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर पिशवीत येत असेल तर साधं पाणीच कमी करून ओआरएस द्यायला लागतं. भावाचं मोठं आतडं जोडलेलं आहे म्हणून एवढं कडक नाही, पण एप्रिल-मेमध्ये शिफ्टला जाताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पावडर लिटरभर पाण्यात, आणि खारट ताक. टेट्रापॅकमधलं गोड रंगीत पेय म्हणजे ओआरएस नाही, साखर जास्त असली की जुलाब वाढतात. पिशवीवाल्यांना एक अजून, पिशवीत अख्खी गोळी निघाली तर फेकून देऊ नका, डॉक्टरांना सांगा, लांब वेळ चालणाऱ्या कोटिंगच्या गोळ्या तुमच्या आतड्यात विरघळायच्या आतच बाहेर येतात, तेव्हा औषध बदलायला हवं.

दवाखान्यात कधी पळायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. कळ लाटेसारखी होती ती सतत झाली, हिरवी उलटी, गॅस आणि संडास दोन्ही बंद, पोट कडक, ताप, नाडी शंभरच्या वर, किंवा हर्नियाच्या जागी घट्ट दुखरा गोळा. घरी इंजेक्शन देऊन सकाळची वाट बघू नका, जिथे रात्री सीटी आणि सर्जन दोन्ही असतील तिथे जा, आणि आत्ताच ठरवून ठेवा कुठलं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून हॉस्पिटल शोधायचं नसतं. अडकलं म्हणजे ऑपरेशनच असंही नाही. चिकटून अडकलेल्यांतले बहुसंख्य नाकातून नळी, सलाईन, पोटॅशियम सुधारणं एवढ्यावर सुटतात. पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट औषध नळीतून देऊन एक्स-रे काढतात, २४ तासांत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं तर बहुतेक वेळा चाकू लागत नाही. याबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आता 'मनाचं' म्हणणाऱ्यांबद्दल. तीन महिन्यांच्या वर टिकणारं ऑपरेशननंतरचं दुखणं हा आता स्वतंत्र आजार म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत आहे. मेंदू आणि मणक्यातली यंत्रणा येणारं दुखणं वाढवते किंवा कमी करते हे १९६५ पासून माहीत आहे. वर्षानुवर्षं दुखल्यावर ती यंत्रणा हळवी होते, भाजलेल्या बोटाला कोमट पाण्याचाही चटका बसावा तसं साधा गॅस पुढे सरकला तरी त्याला कळ वाटते. रिपोर्ट नॉर्मल असून दुखणं खरं असू शकतं ते यामुळे. झोप नाही, जेवायची भीती, नोकरी जायची भीती, घरात 'नाटक करतो' हे ऐकणं, याने ते वाढतं, कल्पनेने नाही, नसांतून. वहिनींना हे जरूर वाचायला द्या. फिजिओथेरपिस्टकडून पोटाने श्वास घेणं आणि व्रणाभोवतीची हालचाल शिकून घ्या, रोज थोडं चालणं, बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस झोपून राहायचं हे नको, रोज थोडंथोडं. आणि तो कधी 'आता नको हे जगणं' असं बोलला असेल तर ते बोलणं हलकं घेऊ नका, सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, आणि सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखवणं म्हणजे दुखणं खोटं ठरवणं नाही.

फाइलबद्दल खास सांगतो. चारही ऑपरेशनच्या नोट्स मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही. किती आतडं काढलं यापेक्षा किती उरलंय, कुठे जोडलंय, जाळी कुठल्या थरात आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. काढलेल्या आतड्याचा बायोप्सी रिपोर्ट तर हवाच. आपल्याकडे लहान-मोठ्या आतड्याच्या जोडाजवळ टीबी बराच होतो, आणि तो क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या जुनाट आजारासारखाच दिसतो, दोन्हीत आतडं अरुंद होतं. 'चिकटून अडकलं' म्हणून काढलेल्या भागात यातलं काही होतं का हे त्या कागदावर असेल, आणि असेल तर सगळी दिशाच बदलते, टीबीला सहा महिन्यांची औषधं आहेत, क्रोन्सला वेगळी. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, पण ठेवायचं बंधन तीन वर्षांचंच आहे, तुमची पहिली दोन ऑपरेशनं त्याहून जुनी, तेव्हा उद्याच अर्ज द्या आणि पोच घ्या.

खर्चाचं विचारलंत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डावर बरीच पोटाची ऑपरेशनं बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा. ससूनलाही सर्जरी, मेडिसीन, भूल, मानसोपचार सगळं एका आवारात मिळतं, फक्त सकाळी लवकर जा.

शेवटी तुम्ही विचारलंय की पालखी पुण्यात आली की तो दरवर्षी सासवडपर्यंत चालायचा, यंदा जाऊ द्यायचं का. पूर्ण नाही. दिवे घाट चढायचा नाही, कोणाचीही पडशी-पिशवी उचलायची नाही. हडपसरपर्यंत चालला आणि तिथून बसने परत आला तर माझी हरकत नाही, पोटाला पट्टा, बरोबर ओआरएस, एकादशी धरायची नाही, आणि वाटेत कोणी प्रेमाने हातावर ठेवलेली चिक्की दुसऱ्याला द्यायची.